पिल्लाचं लंघन

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत कुत्रं आणायचं, हे खूळ माझ्या डोक्यात कधीच नव्हतं. मला घरात केस पडलेले चालत नाहीत, माणसांचेसुद्धा. पण माय धुळ्याचं घर बंद करून माझ्याकडे जळगावात मेहरूणला राहायला आली आणि बघता बघता तिचं बोलणंच आटलं. नवरा वरणगावला फॅक्टरीत, तो शनिवारी घरी येणार. मी सकाळी पतपेढीच्या काउंटरला चिकटले की संध्याकाळीच सुटणार. मधला सगळा दिवस माय गॅलरीत बसून खालच्या पार्किंगकडे बघत राहायची. धुळ्याला तिच्या ओट्यावरून जाणारं कोणीही दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जात नसे. इथे सगळी दारं बंद. एकदा मी घरी आले तर ती गॅलरीतल्या कबुतराला तिच्या गुडघ्याचं दुखणं सांगत होती. एरवी मी हसले असते. तेव्हा मी पर्स न ठेवताच तिच्याशेजारी जाऊन बसले.

म्हणून कुत्रं. तेही छोट्या जातीचं, कारण मोठं कुत्रं एक हिसका देईल आणि मायला जिन्यावरून खाली घेऊन जाईल. मी फोनवर जाहिराती बघायला लागले आणि माझं डोकंच फिरलं. एक जण चहाच्या कपात बसवलेल्या पिल्लाचे फोटो पाठवत होता. हायवेला उभे राहा, ट्रॅव्हल्समधून पाठवतो, म्हणाला. मी म्हटलं, आधी पिल्लाची आई दाखवा. तर म्हणे, आई गावाला गेलीय. कुत्री गावाला गेली! मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. रोज काउंटरवर बसून माझी जीभ तशीही धारेला लागलेली असते.

शेवटी धुळ्यालाच देवपुरात एक घर मिळालं. नवराबायको दोघंही नोकरीतून मोकळे झालेले, त्यांच्या पांढऱ्या पॉमेरेनियन कुत्रीला तीन पिल्लं झालेली. मी मायला घेऊन गेले. कुत्री समोरच होती, पिल्लांना चाटत, अंगाने भरलेली, आमच्यावर भुंकून पुन्हा येऊन वास घेणारी. आई अशी असली तर पिल्लं धड असणार, एवढं मला कळत होतं. बाकीचं मी डॉक्टरीणबाईंना आधीच विचारून ठेवलं होतं. त्या जळगावातल्याच, हायवेपलीकडच्या, जनावरांच्या डॉक्टर. दोन महिने पूर्ण झाल्याशिवाय आईपासून तोडलेलं घेऊ नका, लस आणि जंताचं औषध झालंय का ते बघा आणि सगळ्यात लहान ते सगळ्यात गोड असं समजू नका, असं त्यांनी बजावलं होतं.

मी एकेक पिल्लू उचलून डोळे बघितले, हिरड्या बघितल्या, शेपटी वर करून खाली घाण तर चिकटलेली नाही ना तेही बघितलं. फासळ्या हाताला लागाव्यात पण डोळ्यांना दिसू नयेत, हे लक्षात होतं. चालताना मागचा पाय उचलून उचलून टाकतंय का, म्हणून त्यांना फरशीवर सोडलं. घरमालकीणबाई माझ्याकडे बघून नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "मुलगी बघायला आल्यासारखं चाललंय." मी म्हटलं, "त्यापेक्षा जास्त. मुलगी परत माहेरी जाऊ शकते."

मायची तपासणी वेगळी होती. तिने प्रत्येकाच्या डोक्यावर बोटाचं टोक टेकवून टाळू बघितली, तान्ह्या बाळाची बघतात तशी. दोघांची बघून म्हणाली, "टाळू भरेल शे," म्हणजे भरून आलेली. तिसरं, सगळ्यात बारकं, कोपऱ्यात बसून होतं. त्याची टाळू बोटाला मऊ लागली. मायने नेमकं तेच उचलून पदरात घेतलं.

"हाईच लेऊत, बाई. याले कोनी नेवाव नही."

"माय, ते अशक्त आहे. आपल्याला निभावणार नाही."

"म्हनीसन तर लेऊत."

तिच्या आवाजात असा हट्ट मी कधी ऐकला नव्हता. मी दातओठ खाल्ले, पण ऐकलं नाही. घरमालकांनी सांगितलं की बारकं त्यांच्याकडेच राहणार आहे, ते कुणाला द्यायचंच नाही. तेव्हा कुठे मायने पदर सोडला. आम्ही त्यातलं दणकट नर पिल्लू घेतलं, माझ्या बुटाचा बंद ओढत मला दारापर्यंत सोडायला आलेलं. येताना बसमध्ये ते मायच्या मांडीवर पसरलं होतं आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. पारखून आणलंय, आता कसली चिंता.

घरी आल्यावर माय त्याला पोऱ्या म्हणायला लागली. पोऱ्या म्हणजे आमच्याकडे मुलगा. मी काही बोलले नाही. माझ्या आधी मायला एक मुलगा झाला होता, दीड-दोन वर्षांचा होऊन गेला. जुलाबाने गेला, एवढंच मी लहानपणापासून ऐकलेलं. त्याचा फोटो नाही, त्याच्याविषयी गोष्टी नाहीत. माय त्यालाही पोऱ्याच म्हणायची, हे मला मावशीकडून कळलेलं.

डॉक्टरीणबाईंनी पिल्लाला तपासलं, छान आहे म्हणाल्या आणि मग खाण्यावर आल्या. छोट्या जातीच्या पिल्लांचं वेगळं खाणं मिळतं, दाण्यादाण्याचं, ते कोमट पाण्यात भिजवून थोडं थोडं दिवसातून चार वेळा. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट यातलं काही नाही. वरचं दूध नाही. मी म्हटलं, कांदा-लसूण सोडला तर आमच्या घरात शिजतं काय? त्या हसल्या, म्हणून तर सांगते, तुमच्या ताटातलं नकोच. मग हसू थांबवून त्यांनी मायकडे वळून सांगितलं, "अक्का, एवढ्याशा जिवाच्या अंगात साठा नसतो. एखादं खाणं जरी चुकलं तरी रक्तातली साखर उतरते. मलूल पडलं, मान डुलायला लागली, तर गूळपाणी नाहीतर मध हिरडीला चोळायचा आणि लगेच माझ्याकडे यायचं. तोंडात ओतायचं नाही, ठसका लागेल."

"बरं," माय म्हणाली.

ते दाणे मायच्या काही पचनी पडेनात. तिला त्या औषधाच्या गोळ्या वाटायच्या. "बिचारं गोयासवर जगी ऱ्हायनं," म्हणून ती हळहळायची. पण वेळेला चुकायची नाही. घड्याळात बघून बशी मांडायची, पाणी कोमट आहे का ते बोट घालून बघायची आणि पोऱ्याने बशी चाटून पुसून घेतली की मला फोन करून सांगायची. काउंटरवर रांग असायची आणि इकडे माय फोनवर, "बठ्ठं खाई गया," सगळं संपवलं म्हणून. मी वरवर वैतागायचे. खरं सांगायचं तर त्या फोनची मी वाट बघायचे. तिचं बोलणं परत आलं होतं. पोऱ्याला घेऊन ती लिफ्टने खाली जायला लागली, तिथे दोन शेजारणी जमल्या, मेहरूण तलावाच्या रस्त्यापर्यंत फेऱ्या सुरू झाल्या.

वांग्याच्या भरताची थंडी पडली होती तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी सकाळचा फोन आला नाही. रांगेच्या गडबडीत माझ्या ते उशिरा लक्षात आलं. मी फोन केला.

"खाल्लं का त्याने?"

"जपेल शे." जपेल शे म्हणजे झोपलंय.

बरं, झोपलंय तर झोपलंय. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा फोन केला. पुन्हा तेच, "जपेल शे." आवाज एकदम खाली. मी डबा उघडला आणि तसाच बंद केला. ते पिल्लू माझ्या चपलेच्या आवाजाने जागं होणारं, झाकणाचा आवाज आला की पाय घसरेपर्यंत धावत येणारं. ते सकाळपासून झोपेल? मी तिसऱ्यांदा फोन लावला आणि सरळ विचारलं, "माय, खरं सांग, काय झालंय?"

तेव्हा म्हणाली, "त्यानं पोट सुटेल शे. लंघन धरं शे. संध्याकायलोंग बरं वाटी त्याले."

माझी पाचावर धारण बसली.

लंघन म्हणजे काय ते आमच्या घरात सांगावं लागत नाही. पोट बिघडलं की खाणं बंद. जास्तच बिघडलं तर पाणीही बंद. बैल असो, माणूस असो, लेकरू असो, पोट रिकामं राहिलं की ते आपोआप ताळ्यावर येतं, असा ठाम समज. मी स्वतः लहानपणी किती लंघनं काढलीत. आणि एक सांगते, माय कधी मला उपाशी ठेवून स्वतः जेवली नाही. लेकराचं लंघन ते तिचंही लंघन. उशाशी बसून राहायची, हात फिरवत. त्यामुळे लहानपणी मला त्याचा राग यायचा नाही.

मी मॅनेजरसाहेबांना म्हटलं, मला घरी जायचंय. ते म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, घरातलं लहान आजारी आहे. ते म्हणाले, तुमच्या घरात लहान कोण? माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आहे एक," मी म्हटलं आणि पर्स उचलून निघाले. मागे रांगेतले आजोबा, अहो बाई माझी पावती, म्हणून ओरडत होते.

गाडी कशी हाकली देव जाणे. घरात शिरले तर माय जमिनीवर भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर शालीत गुंडाळलेलं पिल्लू. बाजूला तिचं ताट झाकून ठेवलेलं, सकाळी मी वाढून गेले होते तसंच. पाण्याचा तांब्याही भरलेलाच. मी शाल बाजूला केली. हात लावला तर अंग गार. उचलून घेतलं तर मान माझ्या मनगटावरून खाली लोंबली. डोळे अर्धे उघडे, पण ते मला बघत नव्हते. ओठ वर करून हिरडी बघितली. देवपुरात गुलाबी बघितलेली तीच हिरडी आता पांढरी पडली होती.

"काय खाल्लं होतं याने? माय, बोल लवकर!"

ती सांगायला लागली. सकाळी थंडी फार, म्हणून गोळ्यांच्या ऐवजी म्हशीच्या दुधात पोळी कुस्करून दिली. वाटीभर. आवडीने खाल्लं. मग उलटी झाली, मग जुलाब, पुन्हा जुलाब. तेव्हा तिने बशी उचलली आणि पाण्याची वाटीही उचलली. डॉक्टरीणबाईंचं सांगणं तिला पाठ होतं, पण ते चांगल्या पिल्लासाठी. पोट बिघडलेल्यासाठी तिच्याकडे तिचा नियम होता.

मी स्वयंपाकघरात धावले, गुळाचा खडा कोमट पाण्यात विरघळवला, बोट बुडवून त्याच्या तोंडाशी नेलं. आणि मायने माझं मनगट धरलं. गुडघ्याने अधू झालेली बाई, पण तिची पकड काय सांगू! हाडं दुखली माझी.

"देऊ नको! पोटमा काही जावाले नको! मरी जाई तो!"

"न दिल्याने मरतोय, माय! सोड!"

"पोट सुटेल शे त्यानं!"

"सोड म्हणते ना! उपाशी मारतेस का त्याला?"

तिने हात सोडला. एकदम, चटका बसल्यासारखा. तिच्या तोंडाकडे बघायला मला वेळ नव्हता. मी गुळाचं बोट हिरड्यांवर फिरवत राहिले, वर, खाली, गालाच्या आतून. जीभ हलली नाही. पुन्हा बोट बुडवलं. जिभेचं टोक जरासं हललं, का मला तसं वाटलं, कोण जाणे. मी उठले आणि म्हटलं, चल.

गाडीवर ती मागे बसली, पिल्लू शालीत छातीशी, एका हातात गूळपाण्याची वाटी. मी ओरडून सांगितलं, बोट लावत राहा, थांबू नकोस. हायवेच्या चौकात ट्रकांची रांग लागलेली, कोणी हलायला तयार नाही. मी हॉर्नवरचा अंगठा काढला नाही. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "ताई, उडून जाऊ का आता?" मी म्हटलं, "जमत असेल तर जा!" माझा आवाज फाटला होता. रिक्षावाल्याने मागे मायकडे बघितलं, शालीकडे बघितलं, आणि गुपचूप रिक्षा रस्त्याच्या कडेला घेऊन मला वाट करून दिली. त्याला आत काय आहे असं वाटलं असेल, ते मी त्याला सांगत बसले नाही.

"माय, लावतेयस ना?"

आरशात तिचं कोपर हलताना दिसत होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हात लावला आणि आधी उबेची पिशवी मागवली, मग पुढच्या पायाचे केस कापून शिरेत सुई घातली. एवढासा पाय, काडीएवढा, त्यात शीर सापडायची कशी? पहिल्यांदा सुई बाहेर आली. मी तोंड फिरवलं. मायने नाही फिरवलं. ती टेबलाच्या कडेला धरून उभी होती, डोळ्यांची पापणी न हलवता. दुसऱ्यांदा सुई बसली आणि बाई हळूहळू ग्लुकोज सोडायला लागल्या. बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती. तिच्यावर मला भयंकर राग येत होता. माझं पिल्लू मरत असताना हिला ओरडायचा एवढा जोर कुठून येतो, असंही मनात आलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग त्याच्या शेपटीखालून थोडी लघवी टेबलावर पसरली. मला वाटलं, संपलं. बाई म्हणाल्या, "थांबा." कान हलला. एकच. मग मान उचलण्याचा प्रयत्न, पडली, पुन्हा उचलली. आणि त्याने डोळे फिरवून मायला शोधलं. तसं नसेलही, पण मी तसंच बघितलं. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच स्टुलावर बसून रडले. रडताना बाईंच्या कंपाउंडरवरही ओरडले, दार लाव म्हणून, कारण ती शेळी अजून थांबली नव्हती.

बाई सुई सांभाळत समजावत होत्या. पोट बिघडलं तर खाणं हलकं करायचं, पण एवढ्या लहान जिवाचं बंद करायचं नाही. पाणी तर मुळीच तोडायचं नाही. चमचा चमचा, थोडं थोडं देत राहायचं, आणि तरी उतरलं तर ताबडतोब इकडे आणायचं. पोटातून जातं ते पाणी भरून काढलं नाही तर जुलाबापेक्षा तेच जीव घेतं.

माय ऐकत होती. मग तिने विचारलं, अगदी साध्या आवाजात, बाजारात भाव विचारावा तसं.

"मानुसना लेकरालेबी आसंच शे का, बाई?"

मी स्टुलावरून उठले. मला त्यांना थांबवायचं होतं. पण कशी थांबवणार? बाईंना काय माहीत? त्या पिल्लाच्या पायाला पट्टी चिकटवत होत्या, मान खाली.

"हो ना, अक्का. माणसाच्या लेकराला तर त्याहून जास्त जपावं लागतं. मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायचं. नुसत्या त्याच्यावर वाचतात लेकरं."

"बरं," माय म्हणाली. पहिल्या दिवशी म्हणाली होती तसंच.

परतीच्या वाटेवर चौक मोकळा होता. पिल्लू शालीतून नाक बाहेर काढून वारा हुंगत होतं आणि मी शाल नीट घे म्हणून दोनदा सांगितलं, तर तिने नीट घेतली. एवढंच.

घरी आल्यावर तिने दाणे भिजवले, चमच्याने कुस्करून पातळ केले, आणि पिल्लाला मांडीवर घेऊन भिंतीशी बसली. सकाळच्याच जागी. चमचा ओठाशी नेऊन ती थांबायची, त्याने चाटलं की पुन्हा. मी तिचं ताट गरम करून आणलं. तिने सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता, हे मला आता आठवलं. तांब्या घेऊन मी तिच्यापुढे ठेवला.

तिने तांब्याकडे बघितलं आणि तिचा चमचा तिथेच थांबला.

"पहिला पोऱ्याले भलती तहान लागे," ती म्हणाली. "बोलता येये नही. तांब्याकडे हात करे. मी तांब्या उचलीसन नजरआड ठी दिधा."

जिच्यावर मी दुपारी ओरडले होते, तिच्याशेजारी जाऊन बसले आणि तिचा हात धरला. मघाशी तिने माझं मनगट धरलं होतं तिथे लाल झालं होतं. तिने त्यावर अंगठा फिरवला.

"माय, तुला कोणी सांगितलं नव्हतं गं."

"सांगं व्हतं ना, बाई," ती म्हणाली. "बठ्ठासनी सांगं व्हतं. पानी नको देऊ म्हने. मी बठ्ठं आयकं."

ती रडली नाही. मीच रडले. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, तर पिल्लू मधे दबलं आणि कुरकुरलं. तशी तिने मला कोपराने बाजूला केलं आणि त्याला सावरून घेतलं.

मी तांब्या तिच्या हाताजवळ सरकवला. "दोन घोट घे आधी. मग दे त्याला."

"आधी त्याले," ती म्हणाली, आणि चमचा तांब्यात बुडवला.